वर्तुळ केवढे असावे? ‘पर्पल पेन’मधील पसंतीचे आकडे

नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातील ठरावीक खुणा क्रमाने शोधत धावायचे, हा ओरिएंटियरिंगचा खेळ स्कँडिनेव्हियात वाढला. नकाशावर शर्यतीचा मार्ग आखण्यासाठी ‘पर्पल पेन’ नावाचे एक सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. प्रत्येक खुणेभोवती जांभळे वर्तुळ, त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा आणि खुणांचे क्रमांक ते सुबक काढून देते. वापरायला ते सोपे आहे. माझी तक्रार त्यातील पसंती ठरवण्याच्या खिडक्यांबद्दल आहे.

तिथे एक प्रश्न असा असतो : चिन्हांचे आकार नकाशाच्या प्रमाणानुसार बदलायचे की नाहीत? हा प्रश्न आवडीनिवडीचा वाटतो, पण तो निव्वळ मोजमापाचा आहे. ओरिएंटियरिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१७ च्या नकाशा-मानकात १:१५,००० प्रमाणासाठी वर्तुळाचा व्यास ५ मि.मी. सांगितला आहे. म्हणजे जमिनीवर ७५ मीटर. तोच नकाशा १:१०,००० वर छापला तर चिन्हे दीडपट करायची असतात, वर्तुळ ७.५ मि.मी.चे होते आणि जमिनीवर पुन्हा ७५ मीटरच राहते. ‘बदलू नये’ हा पर्याय निवडला तर त्याच वर्तुळात फक्त ५० मीटर जमीन मावते. वर्तुळाचा मध्य खुणेवर असतो आणि धावणारा भोवतीचा तपशील पाहून तिथे पोहोचतो. तेव्हा हा फरक त्याच्या डोळ्यांना आणि पायांना जाणवणारा आहे. खिडकीत मात्र हा पर्याय आणि अक्षरांचे वळण निवडण्याचा पर्याय यांना सारखेच महत्त्व दिसते. का निवडावे, याची एक ओळही शेजारी नाही.

रेषेच्या जाडीचेही तसेच. वर्तुळाची रेषा ०.३५ मि.मी. आणि १:१५,००० वर साध्या मोठ्या दगडाचा काळा ठिपका ०.४ मि.मी. रेषा ठिपक्यावर आली की दगड जवळजवळ नाहीसाच! म्हणून जांभळा रंग खालच्या रंगात मिसळू देण्याची, किंवा वर्तुळाला तेवढ्यापुरती फट पाडण्याची सोय दिली आहे. ही सोय उत्तम आहे. पण ती शोधावी लागते.

नकाशा स्कॅन करून घेतला असेल तर सॉफ्टवेअर आपल्याला एका इंचात किती ठिपके आहेत ते विचारते. समजा, स्कॅन ३०० ठिपक्यांचे आहे आणि आपण १५० भरले. १:१०,००० नकाशावरील ३०० ठिपके म्हणजे खरे तर एक इंच, अर्थात २५४ मीटर. संगणक ते ५०८ मीटर धरतो. तीन किलोमीटरचा मार्ग सहाचा दिसेल, आणि मुलांना झेपणार नाही म्हणून आपण तो विनाकारण निम्मा करू. भरलेला आकडा नकाशाशी जुळतो का, हे सॉफ्टवेअरला कळण्याचा मार्ग नाही. मग निदान ‘नकाशावरील एखादे माहीत अंतर मोजून पाहा’ एवढे तरी त्याने सुचवायला हवे होते.

उलट, क्रमांकांची खिडकी पाहा. खुणांचे क्रमांक ३१ पासून सुरू करायचे असा या खेळाचा नियम आहे, म्हणजे खुणेचा सांकेतिक क्रमांक आणि ती कितवी आहे हा क्रम यांत गोंधळ होत नाही. ६८ आणि ८९ हे आकडे उलटे धरले तर ८९ आणि ६८ वाचले जातात. असे आकडे टाळण्याचा पर्यायही इथे आहे. इथला पर्याय वाचला की त्याचे कारणही कळते. बाकीच्या खिडक्या अशाच का केल्या नाहीत?

छपाई तर सॉफ्टवेअरच्या हाताबाहेरच जाते. ‘कागदात बसवा’ ही खूण चालू असेल तर छपाईयंत्र नकाशा मुकाट्याने लहान करते. चार टक्क्यांनी लहान झालेला १:१०,००० चा नकाशा सुमारे १:१०,४०० चा होतो. हे वर्तुळ मोजून कळणार नाही, कारण आपल्या पट्टीचे लघुतम माप १ मि.मी. असते आणि इथला फरक ०.३ मि.मी.चा. त्यासाठी नकाशाच्या कडेला १० सें.मी.ची रेषा छापून घ्यावी आणि विद्यार्थ्यांना ती मोजायला लावावी. ती ९.६ सें.मी. भरली, तर छपाईची ती खूण काढून नकाशा पुन्हा छापावा.