काचेपलीकडचा माणूस

मराठी गाण्याची चर्चा तीन नावांवर थांबते: कवी, संगीतकार, गायक. रेडिओच्या निवेदकांनी लावलेली ही सवय समीक्षकांनीही मोडली नाही. कुणाला बोलवायचं, त्याच्याकडून काय गाऊन घ्यायचं, कुठला टेक ठेवायचा हे स्टुडिओच्या काचेपलीकडे बसून ठरवणारा चौथा माणूस आपल्या लेखनात जवळपास नाहीच.

इंग्रजांनी त्याला मानाचं पान दिलं. जॉर्ज मार्टिन १९५० मध्ये ईएमआय कंपनीत लागले, १९५५ मध्ये तिच्या पार्लोफोन या विभागाचे प्रमुख झाले. पीटर सेलर्सच्या विनोदी तबकड्या काढणाऱ्या या गृहस्थांनी १९६२ मध्ये बीटल्सना हाताशी धरलं. ‘प्लीज प्लीज मी’ रेंगाळतंय म्हणून लय वाढवायला लावली. ‘यस्टरडे’ला ड्रमऐवजी चार तंतुवाद्यं सुचवली. तबकड्या लाखोंनी खपत असताना मार्टिन मात्र पगारी नोकर, विक्रीत वाटा नाही. कंटाळून १९६५ मध्ये ते बाहेर पडले. १९९६ मध्ये ‘सर’ झाले.

याच ईएमआयच्या छत्राखाली, मुंबईच्या एचएमव्हीत, विदर्भातून गेलेले जी. एन. जोशी तेच काम करत होते. आपण त्यांना भावगीतगायक म्हणून ओळखतो. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ त्यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी गायली आणि भावगीताचं युग सुरू झालं, इथवर सगळ्यांना पाठ आहे. पण पुढची काही दशकं एचएमव्हीत अधिकारी म्हणून त्यांनी जे केलं, त्याची दखल फार तर एखाद्या परिच्छेदात. रात्रभर गाणाऱ्या उस्तादाला तबकडीच्या एका बाजूच्या सव्वातीन मिनिटांत बसवायचं म्हणजे नुसतं घड्याळ दाखवून भागत नाही. आलाप किती ठेवायचा, तान कुठे आवरायची, रुसलेल्या कलावंताला माइकपुढे परत कसं आणायचं, हे सगळं त्यात येतं. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या त्यांच्या पुस्तकात अशा आठवणी आहेत. तरी ते वाचलं जातं ते गवय्यांच्या किश्श्यांसाठी. किस्से सांगणारा स्वतः काय करत होता, इकडे वाचकाचं लक्षच जात नाही.

लाँगप्ले तबकडी आली आणि जोशींना मोकळं रान मिळालं. १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ निघाली: शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातला मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून सांज ढळल्यावरच्या पहाडीपर्यंत. मला ती कुठे कुठे कॅलेंडरवरच्या चित्रासारखी गुळगुळीत वाटते. पण तीन तरुण वादक आणि एक कथासूत्र यांची मोट बांधणं हे निर्मात्याचंच काम होतं. त्याच वर्षी मार्टिन लंडनमध्ये बीटल्सची ‘सार्जंट पेपर’ घडवत होते. त्या तबकडीवर ग्रंथ निघाले.

रेडिओतही हेच. ग. दि. माडगूळकरांचं ‘गीतरामायण’ १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर, दर आठवड्याला एक गीत असं प्रसारित झालं. माडगूळकर घरोघरी ठाऊक, सुधीर फडकेही ठाऊक. पण माडगूळकरांना या कामाला लावणारे केंद्रावरचे सीताकांत लाड किती जणांना आठवतात?

हा चौथा माणूस आजही लागतोच. विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्याचं उदाहरण घ्या: तिथे गाणं उदंड आहे. पुसद-दिग्रसकडची बंजारा लेंगी, पांढरकवडा-झरीकडच्या कोलाम-गोंडांची दंडार, भीमगीतं, लग्नातली डीजेची वऱ्हाडी गाणी. एक संगणक, एक माइक, भिंतीला फोम, की झाला स्टुडिओ. मुंबईच्या कंपनीचा उंबरठा झिजवावा लागत नाही, ही गोष्ट मी मुळीच कमी लेखत नाही. आवाज कसदार आहेत, शब्दांना मातीचा वास आहे. बिघडतं ते पुढे. लेंगी घोळक्याने म्हणायची असते. पुढच्याने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि त्या उचलण्यात किंचित मागेपुढे होतं तीच तिची गंमत. रेकॉर्डिंगमध्ये एकच गायक चारदा डब होतो, वर ऑटोट्यून फिरतं, खाली लग्नाच्या गाण्याला वापरलेला तोच तयार ठेका. डफ वाजवणारा गावात असतो, ट्रॅकवर नसतो. बहुतेकदा गायकच गीतकार, तोच संगीतकार, पैसेही त्याचेच. तासाचं भाडं घेणारा स्टुडिओवाला ‘हे परत म्हणा’ असं कशाला सांगेल? त्याला पुढची पार्टी बसवायची असते.

यवतमाळला आकाशवाणीचं केंद्र आहे. लेंगीच्या घोळक्याला डफासकट माइकपुढे उभं करून, दहा टेक ऐकून नऊ फेकून देणारा एखादा लाड तिथे मिळाला, तर पाचपन्नास हजारांच्या नव्या यंत्रापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. मात्र त्याचं नाव गाण्याखाली छापावं लागेल, आणि समीक्षकांना ते वाचायची सवय लावून घ्यावी लागेल.