पाकिटावरचं सुवर्णपदक कशाबद्दल बोलतं?

मागच्या महिन्यात मुदखेडला घरी गेले होते. जेवायला बसायच्या आधीच मावशीनं फोन पुढे केला. तिच्या बचत गटाची हळद पावडर नांदेडच्या दोन-चार दुकानांत जाते. तिला मेसेज आला होता : तुमच्या हळदीची सुवर्णपदकासाठी निवड झाली आहे, शुल्क भरा, पदकाचं चित्र पाकिटावर छापता येईल. हळदीचं सॅम्पल कोणी मागितलंच नव्हतं. शुल्क मात्र गटाच्या दोन महिन्यांच्या नफ्याएवढं. "तू एवढी शिकलीस, सांग बरं, भरायचे का पैसे?"

मी "नको" म्हणाले. त्यावर तिनं विचारलं, "मग मोठ्या कंपन्यांच्या पाकिटावर पदकं असतात, ती कशी चालतात?" याचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून नियम वाचायला बसले. या लेखात त्या नियमांवरची माझी टीका आहे, आणि त्यातून संशोधनासाठी शिकण्यासारखं काय आहे तेही.

नियम काय म्हणतात

खाद्यपदार्थांच्या लेबलचे आपले नियम बारीकसारीक गोष्टींबद्दल कडक आहेत. शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण, चौदा अंकी परवाना क्रमांक, लॉट नंबर, तारीख, सगळं ठरलेलं. पदकासाठी मात्र वेगळा रकाना नाही. तिथे सर्वसाधारण तत्त्व लागू होतं : लेबल खोटं किंवा दिशाभूल करणारं नसावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं, म्हणजे पाकिटावरचं पदक ही जाहिरातच. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेची, एएससीआयची, संहिता एक पाऊल पुढे जाते : दावा स्वतंत्र मूल्यमापनावर आधारलेला असेल तर स्रोत आणि तारीख सांगा.

हे वाईट नाही. पण माझा आक्षेप असा, की 'खोटं बोलू नका' हा नियम चुकीच्या जागी पहारा देतो. पाकिटावरचं पदक बहुतेक वेळा खोटं नसतंच. अडचण ते खरं असतानाच सुरू होते.

खऱ्या पदकाची अडचण

ब्रसेल्सची 'मोंड सिलेक्शन' घ्या. ही संस्था १९६१ पासून आहे, आणि आपले पारले १९७१ पासून तिची पदकं मिळवत आले. इथे शुल्क भरून उत्पादन पाठवायचं, परीक्षक गुण देतात. साठच्या पुढे कांस्य, सत्तरच्या पुढे रौप्य, ऐंशीच्या पुढे सुवर्ण, नव्वदच्या पुढे ग्रँड गोल्ड. जेवढी उत्पादनं त्या गुणांपर्यंत पोचतील तेवढ्यांना पदक. संस्था हे उघड सांगते, लपवाछपवी काही नाही.

पण 'सुवर्णपदक' म्हटलं की आपल्या डोक्यात ऑलिंपिक येतं : धावणारे आठ, सुवर्ण एकालाच. इथे ते परीक्षेतल्या फर्स्ट क्लाससारखं आहे. दोन्ही चांगलेच, पण अर्थ वेगळा. आणि पाकीट हा फरक सांगत नाही.

तीच वाइन, तीनदा

आता मोजमापाचा प्रश्न. कॅलिफोर्नियातले रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक, स्वतः वाइनही बनवत. त्यांनी राज्याच्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. २००८ च्या त्यांच्या पेपरनुसार जेमतेम दहा टक्के परीक्षकांनी तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण दिले. प्रयोगशाळेत माझ्या यंत्राची रिपीटेबिलिटी अशी आली, तर गाईड मला आधी कॅलिब्रेशनला पाठवतील.

पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचा डेटा एकत्र केला. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइनपैकी ४७ टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळालं होतं. त्याच सुवर्णवाल्यांपैकी ८४ टक्के वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीही मिळालं नव्हतं.

सोपं गणित करून बघा. समजा निव्वळ नशिबानं सुवर्ण मिळायची शक्यता दर स्पर्धेत दहा टक्के आहे. दहा स्पर्धांत उतरलात तर एक तरी सुवर्ण मिळायची शक्यता किती? १ वजा ०.९ चा दहावा घात, म्हणजे साधारण ६५ टक्के. पाकिटावर ते एक छापायचं, उरलेल्या नऊंबद्दल गप्प बसायचं. यात एकही शब्द खोटा नाही. संशोधनात वीस चाचण्या करून 'सिग्निफिकंट' आलेली एकच पेपरात लिहिणं म्हणजे हेच.

लॉटला बांधलेली खूण

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पदक सॅम्पलला मिळतं, विकला जातो पूर्ण साठा. हळदीचंच बघा. वाण, उकडणं, वाळवणं, साठवण बदललं की कर्क्युमिन बदलतं. यंदाच्या पदकाचा पुढच्या वर्षीच्या हळदीशी संबंध काय?

यावर उपाय नाही असं नाही. फ्रान्समध्ये वाइनचं पदक ज्या साठ्यातून सॅम्पल घेतलं त्याच साठ्याला लागू होतं. आपल्याकडे १९३७ च्या कायद्याखालचा ॲगमार्क लॉटचं सॅम्पल तपासून ग्रेड देतो. शेजारच्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही. म्हणजे खूण कशाला बांधायची हे आपल्या व्यवस्थेला कळतं. पदकाच्या बाबतीत तेवढं मागितलेलं नाही.

माझ्या मते पदकाशेजारी चार गोष्टी सक्तीच्या हव्यात : कोणी दिलं, कोणत्या वर्षी, कोणत्या लॉटला, आणि किती जणांपैकी कितींना. चौथी सगळ्यात टोचेल, म्हणून ती सगळ्यात गरजेची.

"छोट्या पाकिटावर एवढं मावणार कसं?" असं कोणी म्हणेल. मावत नसेल तर पदकही मावत नाही असं समजावं.

आणि आपला बायोडेटा?

हे लिहिताना मी स्वतःचा बायोडेटा उघडला. 'बेस्ट पोस्टर अवॉर्ड' असं ठळक अक्षरात आहे. त्या विभागात पोस्टर सातच होते, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता कंसात लिहिलंय. तुम्हालाही शुल्क घेऊन 'तरुण संशोधक पुरस्कार' देणारे मेल येतील. आले की हेच चार प्रश्न विचारा, आणि पेपर वाचतानाही विचारा.

मावशीला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग पाकिटावर छापू काय?" मी म्हणाले, दळल्याची तारीख आणि लॉट नंबर, जरा मोठ्या अक्षरात. "ते तर आम्ही आधीपासूनच छापतो की," ती म्हणाली. पैसे काही भरले नाहीत.