रक्षामंत्र : धर्म की जादू? अरामी पात्रलेख व रामरक्षा यांच्या संदर्भात

देवाची विनवणी तो धर्म आणि अदृश्य शक्तीला आज्ञा ती जादू, हा भेद जेम्स फ्रेझर यांनी 'द गोल्डन बाव'च्या 1900 च्या दुसऱ्या आवृत्तीत ठळकपणे मांडला. प्रत्यक्ष संहितांवर तो कितपत टिकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इसवी सनाच्या सुमारे पाचव्या ते सातव्या शतकात मेसोपोटेमियात मातीच्या वाडग्यांच्या आतील बाजूस शाईने गोलाकार मंत्र लिहून ते घरात, बहुधा उंबऱ्याशी, पालथे पुरीत. निप्पूर येथील असे लेख जेम्स माँटगोमेरी यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी काहींत पिशाचिनीला चक्क काडीमोडाचे पत्र देऊन घराबाहेर काढले आहे! ही आज्ञाच, परंतु तिला बळ ईश्वरनामाचे. यजमानाची ओळख तेथे आईच्या नावाने दिली जाते.

वऱ्हाडातील अनेक घरांत तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा पाहा. मस्तकापासून पायांपर्यंत एकेका अवयवाचे रक्षण ती रामाकडे मागते, म्हणजे व्याकरणदृष्ट्या ती विनवणी आहे. पुढे मात्र पाताळ, भूतल व आकाशात छद्मरूपाने वावरणारे या भक्ताकडे पाहूही शकणार नाहीत, असे ती निःशंकपणे सांगते. तिचे 'वज्रपंजर' हे नावही बोलके आहे. विनवणी व हमी एकाच स्तोत्रात नांदतात. माझ्या मते खरा फरक अन्यत्र आहे. वाडग्यावर यजमानाचे नाव कोरल्यासारखे पक्के असते. रामरक्षेत 'माझे' एवढेच असते, आणि म्हणून ती कोणाच्याही मुखी बसते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मेळघाटात कोरकू पडियाराचे मंत्र ऐकताच आपण त्यांना 'जादूटोणा' म्हणतो. रामरक्षेला तो शब्द लावण्याचे आपल्या मनातही येत नाही. हा निवाडा संहितेचा नसून आपल्या सामाजिक स्थानाचा आहे. मात्र तेवढ्यावरून तेथील सर्वच प्रथांना संस्कृती म्हणून पाठीशी घालणे मला मान्य नाही. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने दिला जाणारा 'डंबा' ही इजाच होय. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावात 'जादूटोणा' असला, तरी त्याची अनुसूची कृत्ये मोजते. भूत उतरविण्याच्या नावाखाली दिलेले चटके तीत येतात. पूजा-कीर्तनादी उपासनेला कायदा वगळतो. विळ्याचा विचार कायद्याने केला आहे. पडियाराच्या शब्दांची संहिता मात्र कोरकू जाणणाऱ्या आपल्याच विद्यार्थ्यांकडून, त्याच्या संमतीने, लिहून घेता येईल.