पाटी आणि पोस्टर

बंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळी तालुक्यात आहे आणि त्याच्या आवारात बंगळूरचे संस्थापक केंपेगौडा यांचा १०८ फूट उंच ब्राँझचा पुतळा उभा आहे. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी तो घडवला; नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचं अनावरण झालं. खुद्द देवनहळ्ळी गावात, जुन्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, टिपू सुलतानाचं जन्मस्थान सांगणारा दगडी फलक आहे, खांबांच्या एवढ्याशा चौकटीत बसवलेला. पुतळा येताजाता दिसतो, फलक विचारत शोधावा लागतो. करमणुकीच्या धंद्याने मात्र सव्वादोनशे वर्षं पुन्हा पुन्हा विकला, तो या फलकाजवळ जन्मलेला माणूस.

किल्ल्याची मालकी पाहिली तर डोकं गरगरतं. १५०१ मध्ये मल्ल बैरेगौडाने इथे मातीचा कोट बांधला. १७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेने वेढा घालून तो घेतला. त्याच वेढ्यात हैदर अली हा शिपाईगडी नावारूपाला आला. पुढे किल्ला मराठ्यांकडे गेला, मग हैदर आणि टिपूकडे, आणि १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉर्नवॉलिसने तो जिंकला. कोटाच्या आत वेणुगोपालस्वामींचं देऊळ आजही आहे. इतक्या हातांतून गेलेल्या गावात जन्मलेला राजा रंगमंचावर किंवा पडद्यावर आला, की जगात दोनच पक्ष उरतात. तिसरा कोण गाळायचा हे ठरतं समोरच्या प्रेक्षकावरून. ऐतिहासिक मालिका-चित्रपटांच्या आजच्या अवस्थेबद्दल बोलायचं, तर या गाळण्याबद्दलच बोलायला हवं.

टिपूला पहिल्यांदा रंगमंचावर आणलं ते लंडनने, आणि तेही तो जिवंत असताना. १७९०च्या दशकात तिथल्या ॲस्टलीच्या सर्कशीत म्हैसूरच्या लढायांचे खेळ लागत, खऱ्या घोड्यांसकट. मार्च १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूने अर्धं राज्य गमावलं, तीन कोटी तीस लाखांची खंडणी कबूल केली आणि दोन मुलगे ओलीस दिले. ही मुलं कॉर्नवॉलिसच्या हवाली होतानाचा प्रसंग एकामागून एक चित्रकारांनी रंगवला आणि त्याच्या छापील प्रती इंग्लंडमध्ये घरोघरी गेल्या. मध्यभागी वडीलकीने हात पुढे करणारा कॉर्नवॉलिस, समोर दोन कोवळी पोरं. त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज होती, निजामाची होती, आणि जिंकलेल्या मुलखाचे वाटे तिघांत झाले. लंडनच्या गिऱ्हाइकाला या भागीदारांत रस नव्हता. त्याला दिसायला हवा होता आपल्या कंपनीचा दयाळूपणा.

४ मे १७९९ ला टिपू पडला. वर्षाच्या आत रॉबर्ट केर पोर्टर या विशीतल्या चित्रकाराने श्रीरंगपट्टणच्या पाडावाचं सुमारे १२० फूट लांब अर्धवर्तुळाकार चित्र उभं केलं आणि लंडनच्या लायसियममध्ये तिकीट लावून ते दाखवलं. सोबत कोणता इंग्रज अधिकारी चित्रात कुठे आहे ते सांगणारी पुस्तिका मिळे. टिपूच्या महालात सापडलेला लाकडी वाघ, आडव्या पडलेल्या गोऱ्या शिपायावर बसलेला, १८०८ पासून ईस्ट इंडिया हाउसमध्ये मांडला गेला. त्याच्या पोटात बाजा आहे. बाजूचा दांडा फिरवला की वाघ गुरगुरतो, शिपाई विव्हळतो आणि त्याचा हात वरखाली होतो. येणारा-जाणारा दांडा फिरवी, आणि शेजारी कागदपत्रं वाचत बसलेले अभ्यासक त्या आवाजाने हैराण होत. ज्या खोलीत म्हैसूरचे दस्तऐवज वाचायचे, त्याच खोलीत हा खेळ चाले, आणि गर्दी कशाला होती ते सांगायला नको. हा वाघ आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आपल्याकडे टिपू घराघरांत पोचला तो १९९० मध्ये, दूरदर्शनवरच्या संजय खान यांच्या ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’मुळे. त्याआधी, ८ फेब्रुवारी १९८९ ला, म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत तिच्या चित्रीकरणाच्या वेळी आग लागून ६२ माणसं गेली आणि खान स्वतः भयंकर भाजले. मालिका भगवान गिडवाणी यांच्या कादंबरीवर बेतलेली होती आणि तिचा टिपू निष्कलंक देशभक्त होता. मलबार, कोडगू, मंगळूरचे ख्रिस्ती यांच्या आठवणींत वेगळाच टिपू असल्याने विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. तोड निघाली ती पाटीची. ही कादंबरीची नाट्यरूप मांडणी आहे, अचूकतेचा दावा नाही, टिपूच्या आयुष्याशी वा कारभाराशी हिचा संबंध नाही, अशी सूचना भागाआधी दाखवायची. मालिकेचं नाव टिपूच्या तलवारीवरून, पोशाख टिपूचे, तह आणि लढाया टिपूच्या, आणि पाटी म्हणते टिपूशी संबंध नाही! एकच वाहिनी असलेल्या देशात ती पाटी किती जणांनी वाचली असेल? डोळ्यांत राहिला तो संजय खान यांचा चेहरा.

हे खोटेपणाचं प्रकरण नव्हतं, धंद्याच्या रीतीचं होतं. पुराव्यादाखल त्याच निर्मात्याचं पुढचं काम घ्या. १९९४ च्या ‘द ग्रेट मराठा’त महादजी शिंदे झाले शाहबाझ खान, जे टिपूच्या मालिकेत हैदर अली होते. नट तोच, थाट तोच, पल्लेदार संवादांची धाटणीही तीच. फक्त नायकाचा पक्ष बदलला. हैदर आणि मराठे वर्षानुवर्षं एकमेकांशी लढले, पण पडद्यावर दोघांनाही एकच साचा पुरला.

ती पाटी पुढे ऐतिहासिक करमणुकीची ढाल झाली आणि मराठी इतिहासावरच्या सिनेमांनी ती बिनदिक्कत वापरली. ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’चा आधार सांगतो, ‘छावा’ (२०२५) शिवाजी सावंतांच्या कादंबरीचा. जाहिरातीत, पोस्टरवर, कलाकारांच्या मुलाखतींत बोली इतिहासाची: आजवर दडवलेलं सत्य, प्रत्येकाने पाहिलंच पाहिजे असं शौर्य. कोणी कागद मागितला की बोली साहित्याची: आम्ही तर कादंबरी घेतली. काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’ गाण्यात एकत्र नाचल्या तेव्हा पुण्यात याच दोन बोलींचा खेळ झाला. ‘छावा’च्या वेळी संभाजीराजांच्या लेझीमचं दृश्य प्रदर्शनाआधीच काढलं गेलं, आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतल्यावर दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे दबाव आला की इतिहास कापता येतो, माफी मागून सांधताही येतो. तो तपासून घेण्याची पायरी मात्र कुठेच येत नाही. पाटी कोर्टासाठी, पोस्टर बाजारासाठी, आणि दोन्ही एकाच कंपनीच्या हातात: या धंद्याची खरी ताकद इथे आहे.

परिणाम काय होतो, हे सांगायला समीक्षक लागत नाही. मार्च २०२५ मध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून निघालेल्या मोर्चानंतर नागपुरात हिंसाचार झाला. तो पूर्वनियोजित दिसतो असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले, आणि ‘छावा’मुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उसळून वर आला असंही. सिनेमा पाहून कोणी दगड उचलतो असं सरळ गणित मी मांडणार नाही. अफवा, संघटना, पोलीस हे सगळे मध्ये असतात. पण राज्याचा प्रमुख सभागृहात चित्रपटाचं नाव घेतो, तेव्हा ‘ही तर नुसती करमणूक’ हा बचाव निकालात निघतो. त्याची सौम्य बाजूही आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ झी मराठीवर रोज चालू असतानाच, २०१९ मध्ये, तिचे नायक डॉ. अमोल कोल्हे शिरूरमधून खासदार झाले. मतदाराने केवळ संभाजीराजांना मत दिलं असं म्हणणं त्याच्या अकलेचा अपमान ठरेल. तरी ओळख करून द्यायला प्रचारसभा लागली नाही, हेही खरं.

कर्नाटकात तर गाडी उलटी धावली: राजकारण पुढे, सिनेमा मागे. २०१५ मध्ये राज्य सरकारने टिपू जयंती सुरू केली. त्या समारंभात नाटककार गिरीश कर्नाड म्हणाले की विमानतळाला केंपेगौडांऐवजी टिपूचं नाव शोभलं असतं, आणि टिपू हिंदू असता तर महाराष्ट्रात शिवाजी महाराजांना आहे तसं स्थान त्याला मिळालं असतं. केंपेगौडांच्या अभिमान्यांचा रोष ओढवला, कर्नाडांनी दुसऱ्याच दिवशी माफी मागितली. २०१९ मध्ये नव्या सरकारने जयंती बंद केली. २०२२ मध्ये म्हैसूरच्या ‘रंगायण’ या नाट्यसंस्थेचे तेव्हाचे संचालक अड्डंड करिअप्पा यांनी ‘टिप्पू निज कनसुगळु’ हे नाटक आणलं, म्हणजे टिपूची ‘खरी’ स्वप्नं. नावातच कर्नाडांच्या टिपूच्या स्वप्नांवरच्या नाटकाला टोला. २०२३ च्या निवडणुकीआधी दोन वोक्कलिग वीरांनी, उरीगौडा आणि नंजेगौडांनी, टिपूला मारलं असा दावा गाजला. मंड्यात त्यांच्या नावाची कमान लागली आणि उतरली. तेव्हाचे मंत्री आणि चित्रपट निर्माते मुनिरत्न यांनी त्या नावाने चित्रपट जाहीर केला. वोक्कलिग समाजाच्या आदिचुंचनगिरी मठाच्या स्वामीजींनी समज दिल्यावर तो सोडून दिला. त्याच वर्षी ‘टिपू’ हा हिंदी चित्रपट काळं फासलेल्या चेहऱ्याच्या पोस्टरसह जाहीर झाला आणि जुलैत निर्मात्याने तो गुंडाळला.

यातले दोन्ही चित्रपट बनलेच नाहीत. तरी त्यांचं काम झालं! पोस्टर लोकांपर्यंत पोचलं, वाहिन्यांवर वाद झाले, ज्याला जी बाजू हवी ती मिळाली. मालिकेला साठ भाग लागत होते. आता एक चित्र पुरतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲपवरच्या स्टेटसवरून दंगल उसळली. त्यात टिपूचं चित्र वापरल्याचा आरोप होता. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, मालाडच्या मैदानाला टिपूचं नाव देण्यावरून मुंबई तापली होती. पाटी लावायलाही जिथे जागा नाही इतकं हे माध्यम आखूड झालं आहे.

यामागचा हिशेब साधा आहे. स्टार प्रवाह, स्टार सुवर्णा आणि कलर्स कन्नड या तिन्ही वाहिन्या आज जिओस्टार या एकाच समूहाच्या. झी मराठी आणि झी कन्नड झीच्या. बेळगावात शेजारी-शेजारी राहणारी मराठी आणि कन्नड घरं वेगवेगळे नायक पाहतात, पण जाहिरातीचा पैसा याच दोन समूहांच्या तिजोरीत जातो. कंपनीला ना मराठ्यांचं वैर, ना म्हैसूरचं प्रेम. प्रत्येक भाषेच्या प्रेक्षकाला त्याचा स्वतःचा आणि शक्यतो निष्कलंक नायक दिला की टीआरपी टिकतो. शेजाऱ्याचा नायक दाखवायचा झाला तर तो खलनायक म्हणून, नाहीतर मुळीच नाही.

तरीही प्रेक्षक म्हणजे नुसता मातीचा गोळा नाही. कन्नड चित्रसृष्टीने अनेक दशकं डबिंगला बंदी केली होती. २०१५ मध्ये स्पर्धा आयोगाने त्यावर बोट ठेवलं आणि हळूहळू दार उघडलं. २०२० मध्ये झी कन्नडने डॉ. आंबेडकरांवरची हिंदी मालिका ‘महानायक’ नावाने कन्नडमध्ये आणली. वाहिनीने जेवढी कल्पना केली नसेल तेवढी ती गावोगावी गेली. दलित वस्त्यांत लोकांनी आपणहून फ्लेक्स लावले. मालिका बंद करा म्हणून वाहिनीच्या प्रमुखांना धमक्या आल्या, तेव्हा फलक वाढले. इथे पोस्टर कंपनीने नव्हे, प्रेक्षकाने छापलं. बाजाराने दिलेली वस्तू लोकांनी आपल्या कामाला लावली. मालिका कलाकृती म्हणून सामान्यच होती, पण तिच्यामुळे ज्यांना पडद्यावर जागा नव्हती ते आत आले. गाळलेला माणूस परत आणला तर लोक पाठ फिरवतात, ही निर्मात्यांची सबब इथे तरी टिकत नाही.

मग चांगलं ऐतिहासिक नाट्य कसं असतं? कर्नाडांचं टिपूवरचं नाटक घ्या. बीबीसीने भारतीय स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षासाठी ते नभोनाट्य म्हणून लिहवून घेतलं होतं. टिपू आपली स्वप्नं एका वहीत टिपून ठेवी. ती वही १७९९ च्या लुटीत इंग्रजांच्या हाती लागली. कर्नाडांनी कथा सांगायला उभे केले दरबारी बखरकार किरमाणी आणि कंपनीचा सर्वेक्षक मॅकेन्झी. एकाने टिपूचं मीठ खाल्लेलं, दुसऱ्याच्या कंपनीने त्याचं राज्य जिंकलेलं. टिपूविषयी कर्नाडांचा ओढा लपत नाही, पण ही गोष्ट कोण कुठून सांगतोय याचं भान प्रेक्षकाला पहिल्यापासून राहतं. पाटीची गरज पडत नाही, कारण शंका नाटकाच्या रचनेतच आहे.

आपली समीक्षा मात्र ऐतिहासिक सिनेमाला दोनच प्रश्न विचारते: गल्ला किती आणि भावना कोणाच्या दुखावल्या. काय गाळलं आणि ते कोणाच्या सोयीचं होतं, हा तिसरा प्रश्न परीक्षणात येत नाही. सामग्री नाही असंही नाही. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त केव्हाच छापले आहेत. १७९१ मध्ये परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि शारदेच्या पुनःस्थापनेला टिपूने मदत पाठवली. त्याबद्दलची पत्रं १९१६ मध्ये उजेडात आली. त्याच टिपूने १७८५ मध्ये नरगुंदच्या भावे संस्थानिकांचा घास घेतला आणि कोडगूची माणसं हजारोंनी कैद करून नेली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी पुसत नाही.

म्हणून बंदीची मागणी करण्यात अर्थ नाही. बंदीने पोस्टर आणखी गाजतं. मागायचंच असेल तर दोन गोष्टी मागाव्यात. पाटी जर खरी असेल तर ती पोस्टरवरही त्याच ठळक अक्षरांत छापा. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी यापुढे कसोटी म्हणून विचारावं: मराठी निर्मात्याने शृंगेरी दाखवली का, कन्नड निर्मात्याने नरगुंद आणि कोडगू दाखवलं का? जोवर उत्तर ‘नाही’ आहे, तोवर कितीही कोटींचा गल्ला जमवलेल्या सिनेमाला ऐतिहासिक म्हणण्याचं कारण नाही. वीरकथा म्हणावं, आवडली तर टाळ्याही वाजवाव्यात.