श्रीअन्न आणि चान्या

२०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' ही पदवी मिळाली. त्याआधी, ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, दिल्लीच्या 'वर्ल्ड फूड इंडिया' मेळ्यात ९१८ किलो खिचडी एका कढईत शिजली. खिचडी आता राष्ट्रीय पदार्थ होणार अशी आवई इतकी उठली की, हा केवळ विक्रमाचा खटाटोप आहे, असा खुलासा खुद्द मंत्र्यांना करावा लागला. राष्ट्राच्या ताटात काय वाढायचे यावर आपले विचारवंत हिरिरीने भांडतात. ताटाबाहेर कोणाला बसवले होते, हा प्रश्न मात्र त्या भांडणात येत नाही.

तो शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकात विचारला आहे. मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाचे हे पुस्तक. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. परंतु घरात वाटीभर जिन्नस आहे, हे त्या मापाने गृहीत धरले होते. पाटोळ्यांच्या चुलीवर तेल, तूप, दूध गृहीत नाही. तेथे चान्या आहेत, म्हणजे मांसाच्या खारवून वाळवलेल्या पट्ट्या, रक्ती आहे. कृती सांगता सांगता हे पुस्तक गावगाड्याची वाटणी सांगते, हे त्याचे बळ. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद आला. आता कोणी त्याला 'हरवलेल्या चवींचा वारसा' म्हणून चाटूनपुसून खाऊ नये, एवढीच भीती!

निगडीच्या ओटा स्कीममध्ये आम्ही काही जण या पुस्तकावर बोलायला बसलो होतो. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका भडकले. "बाबासाहेबांनी सोडायला लावलं, ते तुम्ही छापून ठेवता?" त्यांचा राग पोकळ नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास बजावले आणि माणसांनी ते सोडले. पोटाला चिमटा घेऊन सोडले. त्या पिढीला चान्यांचे कौतुक म्हणजे जखमेवरची खपली काढणे वाटणार.

त्यावर महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली, "खोली बघायला गेलं की मालक विचारतात, व्हेज की नॉनव्हेज? जात विचारायची लाज वाटते, म्हणून भाजी विचारतात. मग लपवायचं किती?"

दोघांचे खरे आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. महाडचा नकार आपला होता. १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होतीच. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. राज्याबाहेरून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. कत्तलबंदी कायम राहिली. ही बंदी मृत जनावराच्या मांसावर नाही, गरिबाला परवडणाऱ्या ताज्या मांसावर आहे. जे आपण स्वाभिमानाने सोडले आणि जे दुसऱ्याने त्याच्या धर्मभावनेसाठी आपल्या ताटातून काढून घेतले, ती एकच गोष्ट कशी? काकांनी महाड आठवावे, जरूर आठवावे. पण महाडचे नाव घेऊन या बंदीची भलामण होऊ लागली, तर तेथे पाटोळ्यांचे पुस्तक हाती असलेले बरे. सोडले ते काय होते आणि का खावे लागले होते, याची नोंद नसेल, तर सोडण्याचा अर्थही उद्या दुसरेच कोणी सांगतील.

आणि भाकरी? काकांच्या घरी आता रोज चपाती असते. रेशनवर गहू मिळतो, ज्वारी दुकानात त्याहून महाग. गावी असताना चपाती सणाला व्हायची. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला लाल मिलो त्यांनी खाल्लेला आहे. 'श्रीअन्न' हा शब्द ऐकून ते प्रथमच हसले. म्हणाले, "आम्ही खात होतो तेव्हा नुसतीच ज्वारी होती ती."