‘नको’चे चित्र

अंकाच्या मुखपृष्ठासाठी आम्ही यंत्राकडे जुन्या वाड्याचा चौक मागितला. ‘मोर नको’ असेही बजावले. चित्रात मोर दोन! दोष समजण्याजोगा आहे. ही यंत्रे चित्रे व त्यांखालील ओळी यांवरून शिकतात. त्या ओळी असलेल्याचे वर्णन करतात, नसलेल्याचे क्वचितच. म्हणून ‘नको’ विरते, ‘मोर’ उरतो. स्टेबल डिफ्यूजन (२०२२) वापरताना वर्ज्य शब्दांची वेगळी चौकट बहुधा मिळते. तीत नुसते ‘मोर’ लिहावे. अन्यत्र हवे तेवढेच नेमके सांगावे: रिकामा चौक, फरसबंदी, मधोमध तुळशीवृंदावन. तसे लिहिताच मोर गेले. परंतु उरला तो आमचा वाडा नव्हेच. नातवंडांनी तो खरा मानू नये, म्हणून चित्राखाली ‘काल्पनिक’ हा शब्द छापणे आम्हांस अगत्याचे वाटते.