निवाड्याचा कागद आणि वाळीत टाकलेले घर

इटालियन कवी दान्ते (१२६५–१३२१) आणि ज्ञानदेव एकाच काळातले. दोघांनी पंडितांची भाषा दूर ठेवून लोकभाषेत लिहिले. दोघांनाही आपल्या माणसांनी बाहेर काढले. त्यांना शेजारी ठेवले की निष्कर्ष सहज निघतो: दान्तेने वैऱ्यांना नरकात टाकले, ज्ञानदेवांनी खळांचेही भले मागितले, एक सूडाचा कवी, दुसरा क्षमेचा. हा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. स्वभावाची तुलना करण्याआधी शिक्षेचा प्रकार पाहायला हवा.

दान्ते १३०० साली दोन महिने फ्लॉरेन्सच्या कारभारी मंडळात होता. शहरात सत्ता ग्वेल्फ पक्षाची. पण त्यात ‘पांढरे’ आणि ‘काळे’ अशी फूट. दान्ते पांढऱ्यांकडे, तर पोप बोनिफेस आठवा काळ्यांचा पाठीराखा. पुढच्या वर्षाअखेर दान्ते शिष्टाईसाठी रोमला गेला असताना काळ्यांनी शहर ताब्यात घेतले. २७ जानेवारी १३०२ रोजी निवाडा झाला. आरोप लाचखोरीचा, ५,००० फ्लोरिन दंड, दोन वर्षे हद्दपारी, कायमची पदबंदी. दंड भरला नाही म्हणून १० मार्चला दुसरा निवाडा: सापडल्यास जाळून मारावे. न्यायाधीश होता कान्ते दे गाब्रिएल्ली. ‘खिळ्याचे पुस्तक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दप्तरात ही नोंद आजही फ्लॉरेन्समध्ये आहे.

आता ‘डिव्हाइन कॉमेडी’चा पहिला भाग, ‘नरक’, पाहावा. त्याची घडणच कचेरीची आहे: गुन्हेगाराचे नाव, गाव, अपराध, शिक्षा. कथेच्या काळात, म्हणजे १३०० साली, बोनिफेस हयात आहे. तरी नरकात त्याची जागा आधीच मुक्रर झालेली. नोंदीला कवीने नोंदीनेच उत्तर दिले. १३१५ मध्ये परतीची सवलत निघाली, तीही अपराध्यासारखे मान खाली घालून येण्याची. त्याने ती नाकारली आणि तो राव्हेन्नात परकाच मेला. २००८ साली फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेने शिक्षा रद्द करण्याचा ठराव केला. कागद होता, म्हणून तो रद्द करता आला.

ज्ञानदेवांच्या घराची हकिकत नामदेवांच्या नावावरील चरित्रपर अभंगांतून आणि परंपरेतून येते. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले, घर वाळीत पडले, मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावे लागले. शुद्धिपत्र हा सुटकेचा कागद. वाळीत टाकल्याचा निवाडा मात्र आपल्या हाती नाही: ना तारीख, ना सही, ना मुदत. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस यादव राजा रामचंद्राचे नाव आहे, गोदाकाठचे स्थळ आहे, गुरुपरंपरा आहे. बहिष्काराबद्दल अवाक्षर नाही. नाव घ्यायचे तर कोणाचे? बहिष्कार सारेच पाळतात, म्हणून तो कोणीच घातलेला नसतो. पसायदानात खळांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा जावा असे मागणे आहे. त्यात क्षमा आहेच. पण जिथे वैरी म्हणजे सबंध गाव, तिथे गावाचेच मन पालटावे, याहून नेमके मागणे कोणते असणार?

हा फरक जुन्या पोथ्यांपुरता नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांत, बाईला ‘डाकीण’ ठरवून गावाबाहेर काढल्याच्या घटना घडत आल्या आहेत. तिच्याही हाती निवाड्याचा कागद नसतो. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला; त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण तक्रार द्यायची तर कोणी तरी नावे सांगावी लागतात, आणि ती सांगणाऱ्याला पुन्हा त्याच गावात राहायचे असते.

म्हणून दान्तेला सूडाचा कवी म्हणताना थांबावे. नाव घेता येणे हा त्याच्या वाट्याला आलेला अधिकार होता. ज्ञानदेवांचे मौनही केवळ संतत्वाच्या खाती टाकू नये. तसे केले की वाळीत टाकणारे आपोआप सुटतात.